नऊ दिवस शिल्लक

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

कशी आहेस असं विचारलं की तू ‘उभी आहे’ एवढंच लिहितेस, म्हणून या वेळी विचारत नाही. मी बरी आहे. नवी खोली आयोगापासून चालत बारा मिनिटांवर आहे. मी पंचवीस मिनिटं आधी निघते.

एक बातमी आहे, आणि ती मी तुला सांगू शकते, कारण ती वर्तमानपत्रात छापून आली आहे. आमच्या आयोगाने यीस्ट बनवणाऱ्या तीन मोठ्या कंपन्यांचा तपास सुरू केला आहे. तिघींनी आपसात ठरवून भाव वाढवले का, आणि चौथ्या कुणाला बाजारात उभंच राहू द्यायचं नाही असं ठरवलं का, हे शोधायचं. तपासाला आम्ही चौघं आहोत. त्यातली एक मी.

साहेबांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, की माझी आत्या पाव भाजते, तिला यीस्ट लागतं. ते हसले. म्हणाले, “ज्याच्या घरात कुणी पाव खात नाही असा अधिकारी आणायचा कुठून?” विषय तिथे संपला. माझ्या मनात संपला नाही, पण तुला माझं मन माहीत आहे.

राजपत्रात छापलेल्या दोन गोष्टी कळवते. पहिली, नव्या कायद्याप्रमाणे तपास वर्षात संपलाच पाहिजे. येत्या ३१ जानेवारीपर्यंत अहवाल आला नाही, तर प्रकरण आपोआप बंद. पूर्वी फाइली दहा-दहा वर्षं झोपायच्या, ते आता होणार नाही. दुसरी, आमच्यावर लक्ष ठेवायला मंत्रालयाने एक देखरेख समिती नेमली आहे. एखाद्या कंपनीच्या कार्यालयाची झडती घ्यायची असेल तर आधी तिची परवानगी लागेल. आमच्या हातून कुणावर अन्याय होऊ नये म्हणून. मला दोन्ही गोष्टी चांगल्या वाटतात.

तुझ्याकडून एकच हवं. या विषयावर मला काही लिहू नकोस. सांगायचं असेल ते आयोगाच्या नावाने रीतसर पाठव.

तुझी,
खोडरबर


१६ फेब्रुवारी

बाई खोडरबर,

उभी आहे.

हे नाव मी तुला ठेवलं तेव्हा तू सात वर्षांची होतीस. दुकानाच्या फळीवर बसून गृहपाठ करायचीस आणि एक अक्षर वाकडं गेलं की कागद फाटेपर्यंत खोडायचीस. आपल्या घरात शाळा पाहिलेली पहिली पोर, आणि निम्मी शाळा खोडण्यात गेली. उरलेल्या निम्म्यात तुझ्या शेजारी बसून मीही लिहायला शिकले. ती अक्षरं आज तुला बोल लावायला कामी येतायत.

तुझा कायदा वाचला. मला एक सांग, वर्षाची मुदत चोराला घातली की शिपायाला? शिपायाला घातली असेल तर चोराने काय करायचं? दाराला कडी लावून वर्षभर पडून राहायचं. आणि झडती घ्यायची तर आधी समितीला विचारायचं. म्हणजे चोराला निरोप पोचवायला सरकारी माणसं नेमली म्हण की. आणि तुला हे चांगलं वाटतं! शाळेत घातलं ते चुकलंच.

दुसरं, तुझे साहेब हसले ते तोंडी. मी कुणाचं तोंडी ऐकत नाही. नाही म्हणायला आलेल्या माणसाच्या हातातसुद्धा मी कागद देते, म्हणते, लिही बाबा. तू शिकलेली, तुला हे कळू नये?

यीस्टचं लिहू नको म्हणतेस, नाही लिहीत. बाकी दुकान ठीक. मोठी भट्टी अकरालाच थंड होते, का ते लिहायला तुझी बंदी आहे. आठवड्यातून दोनदा बसने गिरणीवाल्याच्या सुनेकडे जाते. ती घरामागे दोन टाक्यांत काहीतरी करते, ते मी आणते. काय ते लिहीत नाही. डब्यात असतं आणि फुगतं.

आत्या


२१ जून

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी साहेबांना दाखवलं. ‘डब्यात असतं आणि फुगतं’ यावर ते पाच मिनिटं हसले आणि म्हणाले, यात नोंदवण्यासारखं काही नाही. कृपा करून असं काही पुन्हा लिहू नकोस. मी दोन दिवस जेवले नाही.

मी कुठल्याच प्रकरणाबद्दल लिहीत नाही. पण समजा, एका कार्यालयाने मार्चमध्ये देखरेख समितीकडे झडतीची परवानगी मागितली. समिती तीन महिन्यांतून एकदा बसते. सभासद पाच, किमान तिघं लागतात. समजा, पहिल्या सभेला दोघं आले. ते चहा पिऊन गेले. दुसरी सभा परवा झाली. समितीने अर्ज परत पाठवला आणि विचारलं: झडतीत नेमकी कोणती कागदपत्रं सापडणार आहेत, त्यांची यादी जोडावी.

सापडणार काय हे आधी माहीत असतं तर झडती कशाला घेतली असती, असं त्या कार्यालयातल्या एका धाकट्या अधिकारी बाईने विचारलं. तिचे साहेब म्हणाले, “यादी करा. प्रश्न विचारू नका.” तिने यादी केली. मनाने केली. तिला अजून त्याची लाज वाटते.

मुदतीचे दिवस मात्र समितीच्या चहातसुद्धा चालूच असतात. भिंतीवर आम्ही एक पाटी लावली आहे, तिच्यावर रोज उरलेले दिवस लिहितो. आज २२४.

खोडरबर


५ जुलै

खोडरबर,

‘समजा’ची युक्ती चांगली आहे. मलाही येते.

समजा, एका बाईच्या दोन भट्ट्या होत्या. समजा, आता एकच पेटते. दुसरीच्या तोंडाशी ती धुतलेले ट्रे वाळत घालते. समजा, तिच्या गावात एक वितरक आहे, इतका गोड बोलतो की सगळे त्याला गुळतोंड्या म्हणतात. तो रोज दुकानावरून जातो आणि विचारतो, “काय ताई, तब्येत कशी?” तब्येत म्हणजे दुकानाची. ती म्हणते, उभी आहे.

समजा, तिने हिशेब न करताच ओळखलंय, की हे वर्ष ती काढेल. पुढचं नाही काढणार. म्हणजे तुझ्या पाटीवरचे दिवस आणि तिचे दिवस एकच आहेत.

आणि त्या धाकट्या बाईला सांग, मनाने यादी करताना लाज वाटली ते ठीक, पण यादीत निदान चांगलं काही घालायचं. माझी आठवण काढून समितीच्या सभासदांचं डोकं घालायचं, म्हणजे सापडलं असतं.

आत्या


१२ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

घाईत लिहिते. पाटीवर ८० आहे.

समजा, समितीने आता दर महिन्याला प्रगतीचा अहवाल मागायला सुरुवात केली. एका अहवालाला सहा दिवस लागतात. पहिल्यात लिहिलं, परवानगी न मिळाल्याने प्रगती नाही. तो परत आला. शेरा असा: ‘उत्तराचा सूर समितीवर टीका करणारा आहे.’ मग सूर बदलण्यात चार दिवस गेले. आता आम्ही लिहितो, ‘समितीच्या मार्गदर्शनाची प्रतीक्षा करण्यात समाधानकारक प्रगती आहे.’ हे वाक्य मी रचलं. ते मंजूर झालं. साहेबांनी पाठ थोपटली. आत्या, मी खोटं न लिहिता खोटं लिहायला शिकले आहे.

कंपन्यांचे वकील दर पंधरवड्याला येतात. छान कपडे, छान बोलणं. एकाच्या अशिलाचा व्यवस्थापक आजारी, दुसऱ्याच्या कपाटाची किल्ली हरवलेली. जाताना ते भिंतीवरच्या पाटीकडे बघतात. लपूनछपून नाही, उघड. आपण घड्याळाकडे बघतो तसं.

खोडरबर


१७ जानेवारी

खोडरबर,

पाव पाठवतेय. कडक भाजलाय, पोस्टात मरणार नाही.

कागदाचं काही लिहीत नाही, तुझी बंदी आहे. फक्त पाव खाल्लास की गुंडाळलेला कागद टाकू नकोस. सगळे सरळ कर आणि दोन्ही बाजूंनी वाच. ट्रेखाली घालायला ठेवले होते, थोडे करपलेत. बेकरांच्या संघाच्या अध्यक्षाला आधी दाखवले, तर तो म्हणाला, “ताई, गुळतोंड्याशी वाकडं नको.” त्याच्या पाठीचा कणा कणकेचा आहे. मग कुणाकडे पाठवू? घरात शिकलेलं माणूस एकच.

आत्या


२२ जानेवारी

प्रिय आत्या,

हे पत्र नीट वाच, आणि रागावण्याआधी शेवटपर्यंत वाच.

काल दोन गोष्टी एकाच वेळी माझ्या टेबलावर आल्या. समितीची झडतीची परवानगी, दहा महिन्यांनी. आणि तुझा पाव. पाटीवर तेव्हा दहा होते.

साहेबांनी लगेच ठरवलं, की झडती २४ तारखेला आणि पुढे मी राहायचं. फाइल सबंध वाचलेली मी एकटीच आहे. बाकीच्या तिघांनी फक्त प्रगतीचे अहवाल वाचले आहेत.

मग मी पाव उघडला. कागद सरळ केले. तिन्ही कंपन्यांची भाववाढीची पत्रं, दोन वर्षांतली सहा-सहा. प्रत्येक खेपेला तारीख एकच, वाढही एकच. आणि एका पत्राच्या मागे त्या वितरकाच्या हातच्या तीन ओळी आणि सही: गिरणीवालीचं यीस्ट जो घेईल त्याला आमचा माल द्यायचा नाही, हे तिन्ही कंपन्यांचं ठरलेलं आहे. तू त्याला ‘लिही बाबा’ म्हणालीस आणि त्याने लिहिलं! आम्ही वर्षभर जे शोधत होतो ते तू ट्रेखाली घालत होतीस.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी कागद बघितले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, “पाव खा. कागद आत्याला परत पाठव. तिला सांग, आयोगाच्या नावाने पुन्हा टाक. जायला चार दिवस, यायला चार. तू काही पाहिलं नाहीस, मी काही पाहिलं नाही.”

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी पायऱ्या उतरेपर्यंतच विचार केला. कागद माझ्या नावाने आले आहेत. मी ते वाचले आहेत. पाठवणारी माझी आत्या आहे. हे तीनही खरं आहे, आणि मी ते खोडू शकत नाही. उद्या कुणी शपथेवर विचारलं तर मी काय सांगू? आणि माझ्या खोटेपणावर उभी राहिलेली तुझी फिर्याद वकील एका दिवसात उडवतील.

मी आज सकाळी अकराला खाली आवक-जावक विभागात गेले. तिथल्या बाईंना आम्ही आवकबाई म्हणतो. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का त्या मारतात. मी तुझे अठरा कागद दिले आणि सोबत माझं एका पानाचं निवेदन: पाठवणारी माझी सख्खी आत्या आहे, ती यीस्ट विकत घेते. आवकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “पाव नोंदवायचा का?” मी म्हटलं, हो. त्यांनी लिहिलं, ‘पाव, एक, कडक.’

दुपारी मला तपासातून काढलं. झडती रद्द झाली. नऊ दिवसांत फाइल नव्याने वाचून काढणारं कुणी नाही. साहेब एवढंच म्हणाले, “वर्षभर समितीला जे जमलं नाही ते तू एका पानात करून दाखवलंस.”

मला माहीत आहे, हे दिवस तुझेही होते.

खोडरबर


२७ जानेवारी

पत्र मिळालं. शेवटपर्यंत वाचलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी, एवढं ऐकून होते. संन्याशाने आपण होऊन दोर विणून द्यावा, हे तुझ्यात पाहिलं.

तुला पाव नोंदवायला सुचलं. आत्या नोंदवायला सुचली. भट्टी नाही सुचली.

मला आता लिहू नकोस.


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते. हे तोंडी सांगण्यासारखं नाही.

प्रकरण बंद झालेलं नाही.

१ तारखेला आमच्या विभागाने फाइल ‘बंद’चा शिक्का मारायला खाली पाठवली. आवकबाईंनी ती परत पाठवली. मला बोलावून घेतलं आणि डिसेंबरचं राजपत्र पुढ्यात टाकलं. इमारतीत राजपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारं माणूस त्या एकट्याच, कारण त्यावरही शिक्का त्यांनाच मारावा लागतो. समितीच्या कार्यपद्धतीत एक दुरुस्ती झाली होती. अधिकाऱ्याच्या नात्याविषयी लेखी प्रश्न निघाला, तर समितीचा निर्णय होईपर्यंत तपास थांबेल. ही मागणी कंपन्यांच्या वकिलांची होती. अडचण आली की कुणाचं तरी नातं काढायचं आणि काम बंद पाडायचं, असा बेत. पण मसुदा लिहिणाऱ्या मंत्रालयातल्या कुणा कारकुनाने, नीटनेटकेपणाच्या सवयीने, पुढे तीन शब्द घातले: ‘आणि तपासाची मुदतही.’

म्हणजे माझ्या निवेदनाला शिक्का बसला त्या क्षणी घड्याळ थांबलं. पाटीवर नऊ आहे. ती मी पुसलेली नाही. साहेबांचं तोंडी हसणं चाललं नसतं. लेखीच लागतं.

आता ऐक, मला झोप का येत नाही. ते राजपत्र तीन आठवडे माझ्या टेबलावर पडून होतं. मी उघडलं नव्हतं, प्रगतीचे अहवाल लिहीत होते. मला पक्कं आठवतंय. पण वकिलांनी अर्ज केला आहे, की आत्या आणि भाचीने मिळून हा कट केला; पाव हे निमित्त. आणि मी स्वतःला विचारते, चुकून नजर पडली असेल का? ते वाचूनच मी प्रामाणिक झाले का?

समिती आता माझी चौकशी करणार आहे. कंपन्यांच्या तपासाला मुदत एक वर्ष. माझ्या चौकशीला मुदत नाही. मी नियम दोनदा वाचला.

खोडरबर


१९ फेब्रुवारी

माझे खोडरबर,

मी एवढी हसले की शेजारचा न्हावी बघायला आला.

कट! आपल्या घरात कट करायची अक्कल असती तर तुझ्या आज्याने जमीन भावाच्या शब्दावर सोडली असती का? म्हणून तर मी लिहून घ्यायला लागले.

तू राजपत्र वाचून मग शिक्का मारायला गेली असतीस, तर मला तुझा जास्त अभिमान वाटला असता. पण तू न वाचताच गेलीस, हे मला वकिलांपेक्षा चांगलं माहीत आहे. तू सात वर्षांची असताना मी पाहिलंय. वहीवर फक्त बाईंची सही व्हायची होती, चूक कुणाला दिसलीही नव्हती, आणि तू स्वतः उठून दाखवायला गेलीस. मार खाल्लास. हातावर. मी त्यावर तेल लावलं आणि तुला मूर्ख म्हटलं. आजही म्हणते. २७ तारखेचं पत्र मात्र फाडून टाक. खोडू नकोस, फाड.

समिती माझ्या ओळखीची झाली आता. कुणाचंही काम असो, ती तेवढ्याच आळसाने करते. एका अर्थी निःपक्षपाती आहे. तुझ्या चौकशीला दोन वर्षं लावू दे. आळशाच्या हातून प्रथमच कुणाचं भलं होतंय, त्याला घाई करायला लावू नकोस.

मी वर्ष काढेन म्हटलं होतं. अजून थोडं काढते. रिकाम्या भट्टीच्या खोलीत भाडेकरू ठेवलाय. कोण ते लिहीत नाही. टाक्यांत असतो आणि फुगतो.

आत्या


९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

आठ महिने मी लेखनसामग्रीच्या भांडारात आहे. खिडकी नाही. पेन्सिली, टाचण्या, दोरा. खोडरबरांचे चाळीस डबे आहेत, हे ऐकून तू हसणार म्हणून आधीच लिहिते.

समितीने माझी तीन वेळा सुनावणी ठेवली आणि दोनदा स्वतःच आली नाही. तिसऱ्या वेळी दोन तास प्रश्न विचारले.

“पावाचं वजन किती होतं?”

“मोजलं नाही.”

“का नाही मोजलं?”

“मी तो खाण्यासाठी आला आहे असं समजले.”

“खाल्ला का?”

“नाही. तो पुरावा होता. आवक विभागात ठेवला.”

“तिथे आता तो आहे का?”

आवकबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, उंदरांनी खाल्ला, आणि उंदरांची नोंद करण्याचा रकाना नोंदवहीत नाही. अध्यक्षांनी हे लिहून घ्यायला सांगितलं. तीन कंपन्यांनी मिळून एक सबंध बाजार खाल्ला, त्याबद्दल दोन तासांत एकही प्रश्न नव्हता.

आता मला भीती वाटत नाही. म्हणजे वाटते, पण तिच्या जोडीला आता दुसरंही काही वाटतं. तुझ्या पत्रांत जे असतं ते. समितीपुढे बसल्यावर मला तुझा चेहरा करावासा वाटतो.

खोडरबर


२ नोव्हेंबर

खोडरबर,

माझा चेहरा करू नकोस, तो करायला दात पडावे लागतात.

कंपन्यांना वाटतंय प्रकरण मेलं. गेल्या सोमवारी तिघींची भाववाढीची पत्रं आली. एकच दिवस, एकच वाढ. पूर्वी निदान वेगवेगळ्या पोस्टमनच्या हातून यायची, आता गुळतोंड्याने तिन्ही एकाच पाकिटातून आणून दिली. मी म्हटलं, “पोच लिहून दे, की तिन्ही तूच आणलीस.” त्याने दिली! म्हणाला, “ताई, तुम्ही काय कागदांचा संग्रह करताय का?” म्हटलं, हो, छंद आहे.

काळजी करू नकोस. तुला पाठवत नाही. आयोगाच्या नावाने रीतसर पाठवले, पोचपावती घेतली. बघ, शिकते मी.

भाडेकरू जोरात आहे. गिरणीवाल्याची सून सकाळपासून इथेच असते. संघाचा अध्यक्ष, तो कणकेच्या कण्याचा, मागच्या दाराने येतो आणि डबा उपरण्याखाली धरून नेतो. अजून अकरा जण येतात. मागच्या दाराची बिजागरी बदलावी लागली.

आत्या


२४ मार्च

प्रिय आत्या,

हे सगळं आजच्या वर्तमानपत्रात आहे, म्हणून लिहिते.

समितीचा निर्णय चौदा महिन्यांनी लागला. माझ्यावर दोष नाही. पण शेरा आहे: ‘यापुढे नातेवाइकांकडून खाद्यपदार्थ स्वीकारण्यापूर्वी पूर्वपरवानगी घ्यावी.’ प्रकरण मला परत मिळणार नाही. निर्णय झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून घड्याळ सुरू झालं. नऊ दिवस.

या चौदा महिन्यांत एका नव्या अधिकारी बाईला फाइल वाचायला मिळाली होती. तपास थांबला होता, वाचायला बंदी कुणी घातली नव्हती. ती पेन्सिली न्यायला भांडारात यायची. मी प्रकरणाबद्दल तिच्याशी एक शब्दही बोलले नाही. तिने विचारलं, भीती वाटत होती का? मी म्हटलं, हो. ती पेन्सिली घेऊन गेली.

झडतीची जुनी परवानगी अजून चालत होती. ती रद्द करायची तर समितीची सभा भरायला हवी होती, आणि सभा तीन महिन्यांतून एकदा. तिसऱ्या दिवशी तिने तिन्ही कार्यालयं एकाच वेळी उघडायला लावली. काहीही लपवलेलं नव्हतं. कशाला लपवतील? एका कार्यालयात तिन्ही कंपन्यांच्या पत्रांचे मसुदे एकाच खणात सापडले, आणि पुढच्या भाववाढीची तारीखसुद्धा. नवव्या दिवशी पाच वाजायला दहा मिनिटं असताना अहवाल आवकबाईंच्या टेबलावर आला. त्यांनी शिक्का तीनदा फुंकून मारला.

आता सुनावणी, मग अपील, मग अपिलावर अपील. त्याला मुदत नाही. भांडारातून माझी बदली कधी, तेही कुणी सांगत नाही. पण पाटी मी आज पुसली.

खोडरबर


१० एप्रिल

खोडरबर,

वर्तमानपत्र वाचलं. दुकानाच्या काचेला लावलं. करपलेलं असतं तर आणखी शोभलं असतं.

काल गुळतोंड्या आला. पुढच्या दाराने. टोपी हातात. पिठाच्या पोत्यावर बसला आणि म्हणाला, “ताई, झालं गेलं विसरा. उद्यापासून तुमचा माल पूर्वीसारखा चालू. जुन्या भावाने.”

मी म्हटलं, “अर्ज लिहून दे.”

दिला.

म्हटलं, “तुझ्या मालात नेमकं काय काय असेल त्याची यादी जोड.”

जोडली. घाम पुसत होता.

म्हटलं, “आता ठीक. आम्ही इथे एक देखरेख समिती बसवलीये. मी, गिरणीवाल्याची सून, शेजारचा न्हावी. तीन महिन्यांतून एकदा बसते. कालच बसली होती. जुलैत ये.”

“जुलैत? तोवर मी काय करू ताई?”

“दर महिन्याला प्रगतीचा अहवाल दे,” मी म्हटलं. “आणि सूर नीट ठेव.”

न्हावी दारात उभा होता. त्याला हसू आवरेना, म्हणून तो गंभीर चेहरा करून मान हलवत राहिला. हुबेहूब सभासद.

माझी मोठी भट्टी पुन्हा पेटणार नाही. तिथे टाक्या आहेत, त्या राहतील. एकीवर उभी आहे. बरी उभी आहे.

पाव पाठवतेय. तुझ्या समितीची पूर्वपरवानगी घेतलेली नाही. कोऱ्या कागदात गुंडाळलाय. दोन्ही बाजू तपासून बघ आणि मग, माझे बाई, या खेपेला खा.

आत्या


१५ एप्रिल

प्रिय आत्या,

कागद दोन्ही बाजूंनी कोरा आहे. तपासला.

पाव घेऊन खाली आवकबाईंकडे गेले. त्यांनी नोंदवही उघडली, ‘पाव, एक’ लिहिलं आणि शिक्का उचलला. मग शिक्का ठेवून खणातून सुरी काढली. नवी अधिकारी बाईही पेन्सिल मागायला आली होती, ती थांबली.

पावाचे तीन तुकडे झाले. ‘एक’ आता खरं राहिलं नव्हतं. मी म्हटलं, दुरुस्त करायला हवं. आवकबाईंनी नोंदवही माझ्याकडे सरकवली.

मी ते आयुष्यात पहिल्यांदा तसंच ठेवलं.

खोडरबर